मुंबईत आलेला माणूस कोणत्या अटींवर राबतो?

दर काही महिन्यांनी मुंबईत तोच वाद पेटतो. एखाद्या दुकानात, लोकलच्या डब्यात किंवा सोसायटीच्या गेटवर भाषेवरून बाचाबाची होते, कुणीतरी ती मोबाइलवर टिपतं आणि संध्याकाळपर्यंत वाहिन्यांवर चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडत असतात. एका बाजूचं म्हणणं ठरलेलं असतं: परप्रांतीयांचे लोंढे थांबवा. दुसऱ्या बाजूचंही ठरलेलं असतं: मुंबई सगळ्यांची आहे, आणि हे लोक उद्या परत गेले तर तुमच्या घरी दूध कोण टाकणार, रिक्षा कोण चालवणार, इमारती कोण बांधणार? मला या दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला बगल देणाऱ्या वाटतात. ‘लोंढे’ म्हणणारा आलेल्या माणसाला ओझं समजतो. ‘कोण करणार’ म्हणणारा त्याला स्वस्त हात समजतो. स्थलांतराने शहराचं आणि गावाचं भलं होतं की वाटोळं, हे आलेल्यांच्या संख्येवरून फारसं ठरत नाही. आलेला माणूस कोणत्या अटींवर राबतो, कुठे राहतो, त्याची पोरं कुठल्या शाळेत जातात आणि त्याच्या मजुरीला कायद्याचं संरक्षण आहे की नाही, यावर ते ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

मुंबई आलेल्यांनी उभारली हे वाक्य आता इतकं घासून गेलंय की त्याचा अर्थ कुणी मनावर घेत नाही, म्हणून एकच आकडा देतो. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्याने या शहराला सर्वात जास्त माणसं दिली. मागोमाग सातारा, पुणे, नगर. तेलंगणातून कामाठी मजूर आणि पद्मशाली विणकर आले, आझमगडकडचे विणकर मदनपुऱ्यात राहिले, गोव्याच्या एकेका गावाने धोबीतलाव-गिरगावात आपापल्या माणसांसाठी ‘कूड’, म्हणजे एकत्र राहण्याची घरं, चालवले, मावळ-खेड-जुन्नरच्या गड्यांनी डबे वाहिले.

यावर समोरून येणारं उत्तर मी हलकं मानत नाही: आमचे आजे-पणजे आपल्याच मुलखातून आले, परक्या प्रांतातून नव्हे. आणि ही मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शंभराहून अधिक हुतात्म्यांनी जीव दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे, तिच्या कारभाराची भाषा मराठी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे, यावर माझ्या मनात किंतु नाही. पण हुतात्म्यांचं रक्त सांडलं ते मुंबईवर मराठी कष्टकऱ्याचा हक्क राहावा म्हणून. त्या हक्काचं पुढे काय झालं आणि कुणी केलं, हे विचारल्याशिवाय त्यांचं नाव घेणं मला बरोबर वाटत नाही.

आधी गावाकडे बघू, कारण या वादात गावाचा उल्लेखच होत नाही. कोकण हा स्थलांतराच्या परिणामांचा दीडशे वर्षांचा जिवंत दाखला आहे. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर तिथली घरं चालली. गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी चाळीत खोली भाड्याने घेऊन नव्याने आलेल्या पोराला पाठ टेकायला जागा दिली, आणि त्याच मंडळांनी वर्गणी काढून गावात शाळेच्या खोल्या बांधल्या, विहिरी खणल्या, देवळं उभी केली. सरकारी योजना पोचण्याच्या कितीतरी आधी चाकरमान्यांच्या पैशाने गावाच्या हिताची कामं झाली. हा विकासच होता. पण त्याची किंमत कुणी मोजली? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. पिढ्यान्पिढ्या नवरा तिकडे आणि संसार इकडे, असं जगणं त्या तफावतीमागे आहे. भाताची लावणी, सासूचं आजारपण, पोरांची शिक्षणं, सगळं तिने एकटीने ओढलं, आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव मात्र त्याचंच राहिलं. गिरणी कामगाराच्या इतिहासात तिचं पान अजून कोरं आहे.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. खलाट्या, म्हणजे भाताच्या जमिनी, पडीक पडल्या, घरांना कुलपं लागली. मग आंब्याच्या बागा कोण राखतं? हंगामात रत्नागिरीच्या बागांत गेलात तर झाप्याशी राखणीला नेपाळी माणूस भेटतो. बंदरावर ट्रॉलरवरचे अनेक खलाशीही नेपाळहून आलेले असतात. कोकणातला तरुण मुंबईला गेला, तिथून काही जण आखाती देशांत गेले, आणि त्यांनी मोकळी केलेली जागा हिमालयाच्या पायथ्याच्या माणसाने भरली. ‘परप्रांतीय’ म्हणून बोट दाखवायचं तर ते कुठून कुठे दाखवायचं? आपल्या मराठी मुलांना दुबईत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत सन्मानाने वागवलं जावं असं वाटतं, ते योग्यच आहे. पण मग आपल्या बंदरावर, आपल्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल दुसरा न्याय लावता येत नाही.

गाव सोडणं म्हणजे फक्त पोटाचा प्रश्न नव्हता, हेही मराठी माणसाला सांगायला नको. दलित कुटुंबांसाठी मुंबईची वाट म्हणजे बलुतं आणि वेठीतून सुटण्याची वाट होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब परळच्या चाळीत राहिलं, आणि गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, हे त्यांचं मत घटना समितीतल्या त्यांच्या भाषणातून सर्वांना माहीत आहे. पण शहरानेही हक्क आपण होऊन दिले नाहीत. गिरणीच्या विणखात्यात धोटा (मागावर आडवं सूत नेणारं साधन) भरताना सुताचं टोक तोंडाने ओढावं लागायचं, त्याचा विटाळ होईल म्हणून जास्त पगाराचं ते खातं अस्पृश्य कामगारांना बंद होतं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे माणूस मुंबईत पोचला, यंत्रावर उभा राहिला, तरी त्याचा विकास आपोआप झाला नाही. कोणत्या खात्याचं दार त्याला उघडं आहे, याच्यासाठी वेगळं भांडावं लागलं.

आता विरोधी बाजूच्या सर्वात भक्कम मुद्द्याकडे येऊ: मुंबईत माणूस मावत नाही. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. २०११ मध्ये या महानगरातली चाळीस टक्क्यांहून जास्त कुटुंबं झोपडपट्टीत राहत होती. पाणी, शौचालयं, इस्पितळं, सगळ्यावर ताण आहे. फक्त एक आकडा या चित्रात बसत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या वाढली नाही. ती ३३ लाखांवरून ३१ लाखांच्याही खाली आली. त्याच काळात ठाणे जिल्हा छत्तीस टक्क्यांनी फुगला. लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथला मराठी माणूस डोंबिवली, बदलापूर, विरारला गेला. त्याला तिथे कुणी घालवलं? भय्याने? टॅक्सीवाल्याने? पदपथावर वडे तळणाऱ्याने? त्यांच्यापैकी कुणी लोअर परळच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आहे का?

गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांच्या ताब्यात होती. १९९१ च्या विकास नियमावलीत तरतूद होती की गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला हिस्सा मालकाला मिळावा. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली; गिरणीची शेड पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. मराठी कष्टकऱ्याला आपल्या शहराच्या मधोमध घर मिळण्याची मोठी संधी त्या दुरुस्तीत गेली. १९८२ च्या संपात देशोधडीला लागलेल्या अडीच लाख कामगारांच्या वारसांना तिथे घरं मिळाली असती, तर गिरणगावाचा चेहरा वेगळा राहिला असता. ही दुरुस्ती इथल्याच सरकारने, इथेच बसून केली. त्यावर जेवढा संताप व्हायला हवा होता, त्याचा निम्माही झाला नाही, कारण संताप नाक्यावरच्या मजुराकडे वळवणं सोपं होतं.

दुसरा मुद्दा मजुरीचा. बाहेरचा माणूस कमी पैशांत राबतो, म्हणून इथल्याची मजुरी पडते. यातही तथ्य आहे आणि मुंबईच्या इतिहासातच त्याचा पुरावा आहे. १८९६ मध्ये प्लेग आला, कामगार जीव घेऊन गावी पळाले, आणि गिरणीमालकांवर रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून रोजच्या रोज चढ्या मजुरीने माणसं मिळवायची पाळी आली. माणसं कमी झाली की मजुरी चढते, हा हिशेब कुणी नाकारू नये. पण प्लेग ओसरला, माणसं परतली आणि ती चढलेली मजुरीही गेली. टिकलं ते वेगळंच. रविवारची सुट्टी टिकली, जी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधून १८९० मध्ये मिळवली. सहा महिने चाललेल्या १९२८ च्या संपाने कामगाराला मालकाशी समोरासमोर बसून बोलायची ताकद दिली. या लढ्यांतले बहुतेक सगळे कामगार बाहेरून आलेले होते, आणि त्यांनी मिळवलेला रविवार आज मुंबईतला प्रत्येक पगारदार माणूस भोगतो.

पण माझ्या मुद्द्याचं सर्वात बोलकं उदाहरण माथाडींचं, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचं, आहे. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडचे, पुण्याच्या डोंगराळ तालुक्यांतले गडी मशीद बंदरच्या दाणाबाजारात पाठीवर पोती वाहायचे. मजुरी मुकादम ठरवेल ती, काम असेल तर आहे नाही तर नाही, मणका मोडला तर गावचं तिकीट. त्यांच्यापेक्षा स्वस्त आणि निराधार मजूर तेव्हा मुंबईत क्वचितच असेल. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याची रचना बघण्यासारखी आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, ही अडचण कायद्याने मान्य केली. म्हणून मालक आणि हमाल यांच्यामध्ये मंडळ उभं केलं. हमालांची टोळी मंडळाकडे नोंदवायची, व्यापाऱ्यानेही नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची; मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टीचा पगार, औषधोपचार सांभाळणार. पोत्याचं वजन बदललं नाही, पाठही तीच होती. बदलली ती अट. एका पिढीत माथाडी कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीच्या स्वतःच्या घरांत गेली, त्यांची मुलं शिकली. पुढे या व्यवस्थेत माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे घुसले आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण त्यांच्यापायी मूळ रचनेला नावं ठेवणं म्हणजे अस्सल हमालावर अन्याय आहे.

याच्या शेजारी आजचा मजूर नाका ठेवून बघा. सकाळी आठच्या सुमाराला उपनगरातल्या कुठल्याही मोठ्या नाक्यावर जा. पदपथाच्या कडेला रंगाऱ्यांनी ब्रश मांडलेले, गवंड्याच्या पुढ्यात थापी आणि ओळंबा, बिगारी नुसते उकिडवे बसलेले. मी अशाच एका नाक्यावर बोलत होतो तो रंगारी मंठा तालुक्यातला, जालन्याचा. त्याला लागून बसलेला गवंडी उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचा. दोघं तंबाखू एकाच डबीतून मळत होते. ठेकेदार आला, मोटारसायकलवरून न उतरताच त्याने भाव सांगितला. जालन्याचा माणूस थोडे जास्त म्हणाला तसा तो गोंड्याच्या माणसाकडे वळला, आणि तोही अडून राहिला तेव्हा पलीकडच्या तिसऱ्याकडे. ठेकेदाराने कुणालाच भाषा विचारली नाही. त्याला भाव पाडणारा माणूस हवा होता, एवढंच. जालन्याचा रंगारी म्हणाला, “दादा, पैसा बुडवायचा असला की त्यो मराठी बी बुडवतो आन् भय्या बी.” बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकरही गोळा होतो. पण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ज्याचा मालक रोज बदलतो त्याला तो दाखला द्यायला मालक सहजासहजी तयार होत नाही. माथाडी कायद्याने जी अडचण १९६९ मध्ये ओळखून सोडवली, ती नाका कामगारासाठी आजही तशीच आहे.

आणि म्हणूनच ‘दार बंद करा’ हा उपाय मराठी मजुराच्याही कामाचा नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जायचा, राहायचा हक्क दिलाय. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना ठेवणारा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. घटना क्षणभर बाजूला ठेवली तरी अनुभव काय सांगतो? चीनने १९५८ मध्ये खेड्यातल्या माणसाला खेड्याला बांधणारी हुकोउ नोंदणी कायद्याने पक्की केली. पुढे कारखाने वाढले तशी कोट्यवधी माणसं शहरात आलीच. फरक एवढाच पडला की शहरातल्या शाळा, इस्पितळं आणि घरांवर त्यांचा हक्क उरला नाही, आणि हक्क नसलेला मजूर मालकाला आणखी स्वस्त पडला. दारावर पहारा बसवून येणारा माणूस थांबत नाही, तो चोरट्या वाटेने येतो आणि मिळेल त्या भावाने राबतो. मग त्याच्या शेजारी बसलेल्या जालन्याच्या माणसाला जास्त मजुरी कुठून मिळणार?

२०२० च्या मार्चमध्ये हे सगळं उघड्यावर आलं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ पासून कायदा होता; त्यात नोंदणी, प्रवासभत्ता, विस्थापनभत्ता सगळं लिहिलेलं होतं. टाळेबंदी लागली तेव्हा कोण कुठे अडकलंय याची धड यादी सरकारकडे नव्हती. माणसं मुंबई-नाशिक महामार्गाने पोरं खांद्यावर घेऊन चालत निघाली. ८ मेच्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. त्याच सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की परतताना मेलेल्या स्थलांतरितांची आकडेवारी उपलब्ध नाही. ज्यांना आपण कधी नोंदवलं नाही, त्यांचं मरणही नोंदलं गेलं नाही. आज आपण लोंढ्यांबद्दल तावातावाने बोलतो तेही २०११ च्या जनगणनेच्या जोरावर.

उरला भाषेचा मुद्दा, आणि तो माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. पिढ्यान्पिढ्या मुंबईत राहूनही मराठीत दोन वाक्यं बोलायची गरज न वाटणारी माणसं आहेत, आणि याचा मराठी माणसाला राग येतो तो अनाठायी नाही. पण गिरणगावातला तेलुगू पद्मशाली सफाईदार मराठी कसा बोलायला लागला? त्याला कुणी कानफटात मारली नव्हती. गिरणीत साच्यावर (मागावर) शेजारी मराठी कामगार, चाळीच्या नळावर मराठी बाई, युनियनच्या सभेत मराठी भाषण, गणपतीत मराठी मेळा, पोरं महापालिकेच्या शाळेत. ही जी एकत्र वावरण्याची ठिकाणं होती, त्यांनी भाषा दिली. ती ठिकाणं आपण मोडू दिली. गिरण्या गेल्या, युनियन गेल्या, पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले, आणि आपलीच मुलं आपण इंग्रजी शाळेत घातली. घरोघर डबा पोचवणारा आजचा डिलिव्हरी बॉय दिवसभर एकटा फिरतो, त्याचं ॲप मराठीत बोलत नाही, त्याला सहकारी नाही आणि साहेबाचा चेहराही त्याने पाहिलेला नाही. तो मराठी शिकणार कुणाकडून? प्रत्येक वॉर्डात पालिकेच्या शाळेत संध्याकाळी मोफत मराठी वर्ग चालवा, रिक्षा-टॅक्सीचा परवाना आणि बॅज त्याच्याशी जोडा, ॲप-कंपन्यांना मराठीची सक्ती करा. भाषेसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या पक्षांनी हे वर्ग एकदा चालवून दाखवले तर मी पहिल्या दिवशी शिकवायला जाईन.

गावातच काम मिळालं तर माणूस कशाला येईल, हा प्रश्नही रास्त आहे, आणि महाराष्ट्राने त्याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची माणसं जगायला मुंबईत आली, पुलांखाली राहिली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला गेला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापलेल्या पैशाने बीड-उस्मानाबादच्या बांधबंदिस्तीवर मजुरी दिली. शहर आणि गाव यांचं नातं इतक्या सरळपणे कायद्यात आणणारं दुसरं राज्य तेव्हा नव्हतं. आज बीडचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दर दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला निघतो, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. ही माणसं राज्याबाहेर जात असोत की राज्यातच, त्यांच्याबद्दल आपल्या वाहिन्यांवर चर्चा होत नाही, कारण त्यांच्यावरून भाषेचं भांडण लावता येत नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला: कामगाराची नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, आणि ते सांभाळायला मंडळ. वाचताना माथाडी कायद्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. जी कल्पना मुंबईच्या हमालांनी लढून मिळवली, ती आता जयपूरने घेतली. महाराष्ट्राने ती नाका कामगार, डिलिव्हरी बॉय आणि घरकामगार बायकांना लावावी: मजुरी आणि लेव्ही मंडळात, नोंदणीला नव्वद दिवसांच्या दाखल्याची अट नको, किमान भाव सगळ्यांना एकच, मग माणूस मंठ्याचा असो की गोंड्याचा. ठेकेदाराला दोघांपैकी कुणालाच कमी भावात नेता येणार नाही, अशी तरतूद झाली तर मराठी रंगाऱ्याची मजुरी पहिल्यांदा खरोखर सुरक्षित होईल. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात असं विधेयक कोण मांडतं आणि कोण अडवतं, यावरून मराठी माणसाची बाजू कोण घेतंय हे मी ओळखेन.